प्यायचं पाणी

माझ्या सासूशी, म्हणजे गौरम्माशी, भांडून कुणी जिंकल्याचं माझ्या पाहण्यात नाही. केबलवाला, भाजीवाली, गॅसची टाकी आणणारा, आमचे हे, सगळे हरलेले. त्यामुळे जानेवारीत गड्ड्याची जत्रा उलगली आणि गल्लीत नळाला पिवळं पाणी यायला लागलं, तेव्हा बायका आधी आमच्याच दारात आल्या. "गौरम्माक्का, तुमी बोला की. तुमचं ऐकत्यात," म्हणाल्या. अत्ती खूश. सासूला आमच्यात अत्ती म्हणतात. कुणी भांडायला बोलावलं की अत्तींना हळदीकुंकवाला बोलावल्याइतका आनंद होतो.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि ज्या दिवशी येणार त्या दिवशी घरातली एक तरी बाई घर सोडत नाही, मग माहेरी लग्न का असेना. पाणी आलं की हौद, पिंप, बादल्या, कळश्या, होतं नव्हतं ते भरून घ्यायचं. पिवळं पाणी सुरुवातीला यायचं, मग हळूहळू फिकट व्हायचं. हळदीचा हात बादलीत बुडवल्यावर दिसतो तेवढाच रंग. वास नाही, चव नाही. बायकांनी ठरवून टाकलं की औषध जास्त पडलंय. औषध म्हणजे टाकीत टाकतात ती पावडर. औषध म्हटलं की आपल्या माणसांची भीतीच जाते. जास्त पडलं तर पोटाला बरंच, असंही एक-दोघी म्हणाल्या.

आमचं भांड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकानाच्या बाहेर, कडुनिंबाच्या सावलीत पाणपोई. माझे सासरे शिवप्पा उन्हातून आलेल्या गिऱ्हाइकाला आधी पाणी द्यायचे, मग भाव सांगायचे. ते गेल्यावर अत्तींनी त्यांच्या नावाने दोन रांजण बसवले. लोक पाडव्याला पाणपोई घालतात आणि पावसाळ्यात उचलतात. आमची बारा महिने चालते. रोज सकाळी अत्ती स्वतः हौदातलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून रांजण भरतात, वर तुरटीचा खडा फिरवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अर्ध्या कानडीत हाका मारतात. "कुडी रे, कुडी. पी बाळा. उन्हाचा आलायस." हमाल, रिक्षावाले, शाळेची पोरं, सगळे तिथे पाणी प्यायचे.

आणि म्हाळसाबाई. ती आमच्याकडे धुण्याभांड्याला येते. मूळची सांगोल्याकडची, माहेरी-सासरी मेंढरं. मुलगा-सून ऊसतोडीला जातात आणि नात रुपाली हिच्याजवळ असते. मागच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत दोघी राहतात. वस्तीला मिळून एक नळ, पाणी आलं की त्यावर मारामारी. अत्तींनीच तिला सांगितलं होतं, "तितं कशाला डोकी फोडून घेतीस? माझ्या रांजणातनं कळशी भरून ने. शिवप्पाच्या नावाचं पाणी हाय, कुणाचं उपकार न्हाईत." तेव्हापासून काम आटोपलं की ती रोज रांजणातून कळशी भरून न्यायची. दोघींच्या पोटात जात होतं ते हेच पाणी.

आमच्या घरात मात्र दिवाळीपासून विकतच्या पाण्याचा जार यायचा. धाकट्याचं पोट सारखं बिघडायला लागलं, डॉक्टर म्हणाले थोडे दिवस जार लावा, आणि थोडे दिवस म्हणून आलेली वस्तू आपल्याकडे कधी परत जात नाही. अत्तींनी आधी नाक मुरडलं. मग त्यांनाही त्या पाण्याचा चहा आवडायला लागला.

मार्चमध्ये पेपरात बातमी आली की नाक्यापलीकडच्या एका बोअरमध्ये क्रोमियम सापडलं. तिकडे शेडमधून लोखंडी वस्तूंना चकाकी देण्याचं काम चालतं, त्याचं पाणी नाल्यात सोडतात, असं काहीबाही लिहिलं होतं. आमच्या ह्यांनी, गुरुशांतनी, बातमी मोठ्याने वाचली. अत्तींना काही कळेना.

"पाण्यात कुर्मा कुटनं येईल?" त्या म्हणाल्या.

"कुर्मा नाही अव्वा, क्रोमियम. धातू असतो. जास्त दिवस पोटात गेला तर वाईट. अंगावर घातला तर कातडीला फोड येतात."

"मग उकळायचं."

"उकळून जात नाही. पाणी आटतं, तो तसाच राहतो."

अत्ती गप्प झाल्या नाहीत, पाण्याच्या ऑफिसला फोन लावायला उठल्या. आठवडाभर त्यांनी त्या ऑफिसला असं काही भंडावून सोडलं की शेवटी आमच्या लाइनवरच्या पाण्याची तपासणी करायचं ठरलं. वरच्या अंगाची दोन घरं आणि शेवटचं घर म्हणून आमचं. गल्लीने अत्तींचा जयजयकार करायचा तेवढा बाकी ठेवला.

नमुना न्यायला माणूस आला तेव्हा मी मैंदर्गीला, चुलतबहिणीच्या साखरपुड्याला गेले होते. परत आल्यावर अत्तींनी सांगितलं, भीमाशंकर नावाचा पोरगा आलेला, गुणाचा आहे, उन्हाने तोंड लाल झालेलं, त्याला लाडू दिला, बाटली भरून दिली.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. तिन्ही नमुने चांगले. क्रोमियम मर्यादेच्या आत, पाणी पिण्यास योग्य. खाली सही, शिक्का. लाइन खोदून बघा अशी जी मागणी बायकांनी केली होती, ती त्याच दिवशी निकालात निघाली. पाणी चांगलं आहे तर रस्ता कशाला फोडायचा, असं ऑफिसातून उत्तर मिळालं, आणि त्यात चूक काही नव्हतं. ह्यांनी रिपोर्टची झेरॉक्स लॅमिनेट करून पाणपोईवर टांगली. येणारा-जाणारा ती वाचायचा आणि निर्धास्त होऊन दोन पेले जास्त प्यायचा. पाणी पिवळंच होतं. पण कागदापुढे डोळ्यांचं कोण ऐकतो?

एप्रिलमध्ये म्हाळसाबाईने एक दिवस रुपालीला सोबत आणलं. सात वर्षांची पोर. ओठांच्या कडेला, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर फोड. खाजवून खाजवून रक्त आलेलं. म्हाळसाबाईचे स्वतःचे हातही बोटांच्या बेचक्यात चिरले होते. पण त्याला ती भांड्याच्या पावडरीचं कारण द्यायची, आणि आम्हीही मान्य करायचो, कारण ते सोयीचं होतं.

मी रुपालीला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी नीट तपासलं. काय खाते, कुठला साबण, घरात अजून कुणाला आहे का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "पाणी कुठलं पितात?" मी लगेच मोबाइलमधला रिपोर्टचा फोटो दाखवला. त्यांनी तो वाचला, मान हलवली. "मग पाण्याचा संबंध नाही. साबण बदला, मलम देतो."

घरी येऊन मी अत्तींना सांगितलं. त्या जिन्याच्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. म्हाळसाबाई रुपालीला घेऊन घरी गेली होती.

"डॉक्टर म्हणाले, पाणी चांगलं आहे, तेव्हा साबणानं झालं असेल."

"पाणी चांगलंच हाय की," अत्ती म्हणाल्या. "जारचं पाणी कसं वाईट निघंल?"

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "कुठल्या जारचं?"

"आपल्या. त्या पोराला दिलं की बाटली भरून."

"नमुन्याला तुम्ही जारचं पाणी दिलं?"

"मग? त्यो म्हनला, आजी, प्यायच्या पाण्याचा नमुना द्या. म्या प्यायचं दिलं. सरकारी मानूस दारात आलेला, त्याला वापरायचं दिऊ व्हय?"

आपल्या घराघरांत पाण्याच्या दोन जाती असतात, प्यायचं आणि वापरायचं. प्यायचं स्वयंपाकघरात, झाकलेलं, त्यात कुणी उष्टा पेला बुडवला तर पाठीत धपाटा. वापरायचं मोरीत, न्हाणीत, भांड्याधुण्याला. अत्तींना लहानपणापासून कुणीही "प्यायचं पाणी" म्हटलं की त्यांचा हात एकाच दिशेला जातो. दिवाळीपर्यंत तो हात माठाकडे जायचा, आणि माठात नळाचंच पाणी असायचं. जार आल्यापासून जारकडे जातो. भीमाशंकर आला तो नळाचा दिवस नव्हता. नळ कोरडा, म्हणून त्याने साठवणीतलं मागितलं, आणि अत्तींनी घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यातून त्याला आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं. त्याने ते बाटलीत भरलं आणि फॉर्मवर लिहिलं, नळाचे पाणी.

मला हसू आलं आणि लगेच एवढा संताप आला की हातातली मलमाची ट्यूब मी पायरीवर आपटली. "अहो अत्ती, नळाचं तपासायचं होतं! ते पिवळं! जे तुम्ही रोज रांजणात ओतता ते! तुमच्या जारमुळे आख्खी गल्ली पास झाली!"

अत्ती माझ्याकडे बघत राहिल्या. लसणाची पाकळी तशीच बोटांत. "असं व्हय," एवढंच म्हणाल्या.

ह्यांना दुकानातून वर बोलावलं. ह्यांचा स्वभाव मिटवामिटवीचा. सगळं ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. आता बोभाटा नको. उद्यापासून रांजणात जारचंच पाणी ओता. चार जार लागतील, लागू देत. कुणाला काही सांगायची गरज नाही."

"आन् नळाचं?" अत्तींनी विचारलं. "गल्लीत समदी तेच पेत्यात. वस्तीत तेच जातं."

"अव्वा, समजून घे. तू उठून सांगितलंस तर लोक काय विचारतील? घरात जार पिता, आणि अप्पांच्या नावानं बाहेर..." पुढचं वाक्य ह्यांनी गिळलं.

पण ते अत्तींना पोचलं. मी त्यांचा चेहरा पाहिला. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की आपण बाटलीत चुकीचं पाणी भरलं, एवढंच. घरात एक आणि दारात दुसरं, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. नळाचं पाणी सगळ्यांचं, जार धाकट्याच्या पोटासाठी, इतका साधा हिशेब होता आमचा.

त्या उठल्या, खाली गेल्या. दोन्ही रांजण आडवे करून सगळं पाणी गटारात सोडलं. लॅमिनेट केलेला रिपोर्ट ओढून काढला. एक रिक्षावाला पेला धरून उभा होता, त्याला म्हणाल्या, "आज न्हाय बाबा." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. ह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं की तू समजाव. मी काय समजावणार? मला ह्यांचा राग आला होता, आणि ह्यांची सूचना सोयीची आहे हे कळत होतं म्हणून स्वतःचाही.

सकाळी अत्तींनी भीमाशंकरला फोन केला. नळाच्या दिवशी पाणी सुटायच्या वेळेला ये म्हणाल्या. तो टाळाटाळ करायला लागला तेव्हा म्हणाल्या, "तू न्हाय आलास तर म्या पिवळ्या पान्याचा हंडा घिऊन तुमच्या हापिसात बसते. मला काम न्हाय दुसरं."

तो आला. विशी-बाविशीचा, कंत्राटावर लागलेला पोरगा. अत्तींनी त्याला बाजूला घेतलं नाही. गल्लीतल्या बायका आपापल्या पाइपा लावून नळ सुटायची वाट बघत होत्या, त्यांच्यासमोरच त्या बोलल्या. "त्या दिशी म्या ह्या पोराला जारचं पाणी दिलं. नळाचं दिलंच न्हाय. तुमचा रिपोर्ट माझ्या जारचा हाय."

भीमाशंकरचा चेहरा उतरला. "आजी, हळू बोला. मी फॉर्मवर नळाचं लिहिलंय. माझं काम जाईल."

"न्हाय जात. म्हातारीनं फसवलं म्हनून लिव्ह. म्या सही करते."

तेवढ्यात नळ खरखरला. आधी नुसती हवा, मग पाणी. पिवळं. त्याने मुकाट्याने बाटली काढली, नळाखाली धरली, बूच लावलं आणि वर चिठ्ठी चिकटवली. ह्या वेळी अत्ती शेजारी उभ्या राहून पाहत होत्या, तांब्या न घेता.

बायका चांगल्या असतात आपल्याकडच्या. लगेच समजूत घालायला लागल्या. "चुकून झालं की अक्का." "तुमी मुद्दाम केलं व्हय?" "तुमच्यामुळंच तर तपासनी झाली." अत्तींना बरं वाटत असावं. मलाही वाटत होतं.

म्हाळसाबाई त्या वेळी नेमकी कामाला आली होती. हातात रिकामी कळशी. तिने सगळं ऐकलं होतं. ती हळू बोलते, विचार करून. आणि तिला कधी कुणी मोठ्या आवाजात बोलताना ऐकलेलं नाही.

"अक्का," ती म्हणाली, "घरात तुमी कुटलं पेता?"

"जारचं," अत्ती म्हणाल्या.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

"आन् रांजणात?"

"नळाचं."

म्हाळसाबाईने कळशी खाली ठेवली. "म्हंजी आमाला वापरायचं पाजत व्हता व्हय?"

ह्यांनी दुकानातून बाहेर येऊन काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पाणी पिवळं आहे हे तुलाही दिसत होतंच की, असंच काहीतरी म्हणणार होते. अत्तींनी हाताने त्यांना थांबवलं.

"व्हय," अत्ती म्हणाल्या.

रिपोर्ट या वेळी लवकर आला. क्रोमियम मर्यादेच्या कितीतरी पट. दोन दिवसांत आमच्या दारापुढचा रस्ता फोडला. नाल्याच्या कडेने जाणाऱ्या जुन्या पाइपाचा सांधा उखडलेला निघाला. नळाला पाणी नसतं त्या दिवसांत पाइप रिकामा राहतो आणि बाहेरचं आत ओढून घेतो, मग पाणी सुटलं की ते आधी शेवटच्या घरांना मिळतं, असं इंजिनिअरने आम्हाला समजावून सांगितलं. वरच्या घरांचं पाणी त्यामुळे चांगलं होतं. नाक्यापलीकडच्या एका शेडला कुलूप लागलं. त्यांनी आता दुसरीकडे जागा घेतली, असं म्हणतात. पाइप नवा पडला. भीमाशंकरचं काम गेलं नाही. ह्यांनी पाच जणांना सांगून ठेवलं होतं, आणि ते मात्र ह्यांनी खरंच मनापासून केलं.

नळ आता स्वच्छ येतो. दर महिन्याला अत्ती स्वतः पाणी तपासून घेतात. रांजण पुन्हा भरतात, आणि आम्ही घरात त्यातलंच पाणी पितो. जारवाल्याला अत्तींनी दारातूनच परत पाठवलं. रुपालीचे फोड सुकले. पाण्यानेच झाले होते का, असं मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, तसं खात्रीने सांगता येणार नाही, आणि पोटात गेलेल्याचं तर आणखी सांगता येणार नाही. वर्षभर लक्ष ठेवा, म्हणाले. अत्ती दर पंधरा दिवसांनी रुपालीला दाखवायला मला पाठवतात. आधी म्हाळसाबाई नको म्हणायची, आता म्हणत नाही. पोरीचा हात धरून माझ्याबरोबर पाठवते.

काम तिने सोडलं नाही. पहिल्यासारखीच वेळेवर येते, पहिल्यासारखीच भांडी लख्ख घासते. अत्तींशी बोलतेसुद्धा, भाव, ऊन, मुलाचा फोन, असलं सगळं. फक्त कळशी आणत नाही. वस्तीतल्या नळावर भांडून पाणी भरते.

मेच्या मध्यावर एकदा दुपारची ती आली. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड येईल. मोरीत बसून तिने सगळी भांडी घासली, पदराने मान पुसली, उठली. तिचे ओठ वाळले होते, मला दिसत होतं. अत्तींनी खाली जाऊन रांजणातून तांब्या भरून आणला. आधी तिच्यासमोर स्वतः वरून दोन घोट प्यायल्या, मग तांब्या पुढे केला.

"घे म्हाळसा. आमीबी हेच पेतो आता."

म्हाळसाबाई हसली. खोटं हसली नाही, खरंच माया होती त्या हसण्यात, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

"ऱ्हाऊ द्या अक्का," ती म्हणाली. "तहान न्हाय मला."

अत्तींचा हात तसाच पुढे राहिला. म्हाळसाबाई जिना उतरून खाली गेली. कडुनिंबाखाली, रांजणांच्या शेजारीच उभी राहून तिने पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि एका दमात सगळी प्यायली.